टी-शर्ट बिघडला म्हणून सासूबाईंची मशीन विकायची का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: इंदिरानगर, नाशिक इथल्या एक ताई गेली २० वर्षं घरी ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस शिवतात. गिऱ्हाईक बांधलेलं आहे. मशीन सासूबाईंची, काळी, पायाची. तिला नंतर मोटर बसवून घेतली. कडा करायला जोडीला तीन दोऱ्यांची छोटी इंटरलॉक आहे. मुलीच्या हट्टामुळे त्यांनी होजिअरीचे टी-शर्ट आणि लेगिन्स शिवायला घेतले आणि सगळंच बिनसलं. टाके उडायला लागले, गळा आणि खालची दुमड झालरीसारखी फुलली, मुलीनं टी-शर्ट डोक्यातून घालताना खांद्याची टीप कट्कन तुटली. काम नेहमीच्याच पद्धतीनं केलं होतं : आधी टीप, मग इंटरलॉक. त्यात ओळखीच्या एका नृत्यशिक्षिकेनं डिसेंबरच्या गॅदरिंगसाठी ३० मुलांच्या टी-शर्ट-लेगिन्सबद्दल विचारलं आहे. दुकानदार म्हणतो, जुनी मशीन एक्स्चेंजमध्ये द्या आणि ओव्हरलॉक (जोडणीची) आणि फ्लॅटलॉक (दुमडीची), दोन्ही मशीन हप्त्यांवर घेऊन जा. नवरा म्हणतो, घेऊन टाक एकदाचं. मुलगा म्हणतो, ३०० रुपयांत टी-शर्ट मिळतो, कशाला हा खटाटोप? सासूबाई काहीच बोलत नाहीत, पण हल्ली मशीनवर कव्हर घातलंय ना, हे रोज बघून जातात. ताईंचा प्रश्न : कोणती मशीन घेऊ? की माझा हातच गेला?

ताई,

हात गेला असता तर ब्लाउजही बिघडले असते. ते काही बिघडत नाहीयेत, तेव्हा हा विषय इथेच मिटवू. तुमच्या पत्रात तीन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत आणि दुकानदारानं तिन्हींवर एकच औषध लिहून दिलंय. औषध महाग आहे, म्हणून आधी दुखणी वेगळी करून बघू.

त्याआधी दोन शब्द कापडाबद्दल. आपल्या जिल्ह्यात कापडाची जाण कमी नाही. येवल्याला पैठणी विणली जाते, मालेगावात पॉवरलूम आहेत. पण हे सगळं उभ्या-आडव्या धाग्यांचं कापड. तुम्ही ज्या क्लासमध्ये शिकलात तिथेही पॉपलीन, टू-बाय-टू, खण, सिल्क असंच शिकवलं असणार. होजिअरीचं कापड मुळातच वेगळं. त्यात उभे-आडवे धागे नसतात, एकात एक अडकवलेले फासे असतात. दोन सुयांवर स्वेटर विणतो तेच, फक्त मशीनवर आणि फार बारीक. ओढलं की फासा लांबतो, सोडलं की परत येतो. त्यात लायक्रा घातला की जास्त ताणतं आणि जास्त जोरानं परत येतं. लायक्रा निघाला १९५८ साली, अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत, जोसेफ शिव्हर्स यांच्या हातून. तुमच्या सासूबाईंच्या मशीनचा आराखडा त्याच्याही कितीतरी आधीचा आहे. जे कापड तेव्हा जगातच नव्हतं, ते शिवता येत नाही म्हणून तिला नावं ठेवणं बरोबर नाही.

आता पहिलं दुखणं, टाके उडण्याचं. हे बहुतेक वेळा सुईचं असतं. सुई खाली जाऊन किंचित वर येते तेव्हा तिच्या मागे दोऱ्याचा छोटा फुगा तयार होतो आणि खाली बॉबिनजवळ फिरणाऱ्या शटलचं टोक तो फुगा पकडतं. लायक्राचं कापड सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचललं जातं. मग फुगा होतच नाही, शटल रिकामं फिरतं आणि टाका उडतो. शिवाय नेहमीच्या टोकदार सुईनं फाशाचा धागाच कापला जातो. नवीन टी-शर्टला दोन धुण्यांत शिवणीजवळ बारीक भोकं पडतात, ती यामुळे. यासाठी बॉलपॉइंट सुई मिळते. तिचं टोक गोलसर असतं, ते धागा न कापता फाशांच्या मधून वाट काढतं. साध्या सुती होजिअरीला ती पुरते. लायक्रा जास्त असेल, म्हणजे लेगिन्स किंवा स्विमिंग कॉस्च्यूम, तर ‘स्ट्रेच’ म्हणून वेगळी सुई येते. नंबर ११ बारीक कापडाला, १४ जाड कापडाला. मेन रोड-शालिमारकडे शिलाईचं सामान घ्यायला जाल तेव्हा आपली जुनी सुई पुडीत बांधून न्या आणि तशीच दांडी असलेली मागा. चपट्या दांडीची आणि गोल दांडीची सुई एकमेकींच्या जागी चालत नाही, आणि तुमच्या इंटरलॉकची सुई तर काळ्या मशीनपेक्षा वेगळीच असू शकते. दोन्हींचे नमुने न्या.

सुई बदलूनही एखादा टाका उडालाच तर कापडाखाली बटर पेपरची पट्टी ठेवून टीप मारा आणि नंतर पट्टी फाडून काढा. काम किचकट आहे, पण गळ्यासारख्या छोट्या जागी उपयोगी पडतं.

दुसरं दुखणं, खांद्याची टीप तुटली ते. पत्रात तुम्ही एक वाक्य सहज लिहून गेलात, ‘नेहमीसारखी आधी टीप मारली, मग इंटरलॉक केली.’ सगळी गोम तिथेच आहे. सरळ टीप फार ताणत नाही. कापड लांबलं, टीप नाही लांबली, दोरा तुटला. मात्र तुमच्या इंटरलॉकचा टाका तुटला नसणार. जाऊन बघा, कडेला तो तसाच असेल. कारण तीन दोऱ्यांचा तो टाका ताणतो. म्हणजे ताणणारी शिवण घालणारी मशीन तुमच्या घरात आधीपासूनच आहे. तुम्ही आजवर तिला फक्त कडा आवरायच्या कामाला लावलं.

एक प्रयोग करा. त्याच टी-शर्टच्या चिंध्या घ्या, साधारण वीतभर लांब. एक जोडी नेहमीसारखी, आधी टीप आणि मग इंटरलॉक. दुसरी जोडी टीप न मारता थेट इंटरलॉकवर जोडा, दोन थर एकत्र. आता दोन्ही हातांत धरून जोरात ओढा. पहिलीत बारीक कट्कट् आवाज येईल, दुसरी मुकाट्यानं लांबेल. दुसरी उघडून शिवणीच्या आत बघा. दोन थरांमध्ये दोऱ्याच्या शिडीसारख्या रेघा दिसत असतील तर सुईचा दोरा सैल आहे. तो थोडा घट्ट करा. लहान मुलांचे टी-शर्ट, बाह्या, बाजूच्या शिवणी या तीन दोऱ्यांच्या शिवणीवर निभावतात. लेगिन्सच्या मांड्यांच्या जोडाला मात्र ती कमी पडते, तिथे चार दोरे हवेत. बसता-उठता सगळा ताण तिथेच येतो.

आणि ज्यांच्याकडे फक्त काळी मशीन आहे, इंटरलॉकही नाही, त्यांनी काय करावं? मोठा टाका घालू नये. लोकांना वाटतं मोठा टाका म्हणजे सैल शिवण, आणि होतं उलट. टाका बारीक असला की एका इंचात दोरा जास्त बसतो, म्हणून शिवण जास्त लांबू शकते. टाका बारीककडे झुकणारा, वरच्या दोऱ्याचा ताण कमी, दोरा पॉलिएस्टरचा (सुती नको), आणि शिवताना कापड पुढून-मागून किंचित ताणून धरायचं. सैल टी-शर्ट, नाइट पँट एवढं यात होतं. त्याहून सोपी युक्ती म्हणजे गल्लीतल्या फॉल-पिकोवाल्या काकूंकडे जाणं. पिको झिगझॅगचाच टाका असतो आणि झिगझॅग ताणतो. साडी बाजूला ठेवून पाच मिनिटं तुमच्या टी-शर्टच्या शिवणीवरून बारीक झिगझॅग मारून द्यायला त्या नाही म्हणणार नाहीत. (दहा रुपये जास्त द्या. अशा कामाचे पैसे द्यायला आपण उगाच लाजतो.)

तिसरं दुखणं त्या झालरीसारख्या लाटांचं, आणि इथे दुकानदाराचं म्हणणं निम्मं खरं आहे. मशीनचा फूट वरून दाबतो आणि खालचे दाते कापड पुढे ढकलतात. साध्या कापडाला फरक पडत नाही. होजिअरी मात्र या दोघांत लांबत जाते आणि लांबलेल्या अवस्थेतच शिवली जाते. मग झालर होणारच. आधी फूटचा दाब कमी करून बघा. काळ्या मशीनवर डाव्या हाताला, फूटच्या दांड्याच्या डोक्यावर जो गोल स्क्रू असतो तो दोन-तीन आटे सैल करा. ब्लाउजचं काम घेताना परत घट्ट करायला विसरू नका, नाहीतर अस्तर सरकेल. इंटरलॉकवरही तसाच दाब कमी करा आणि फूटच्या पुढ्यात दोन बोटांनी कापड हलकं हलकं आत सारत राहा. मागून अजिबात ओढायचं नाही. मागून ओढायची सवय आपल्या सगळ्यांच्या हातात भिनलेली असते.

चांगल्या ओव्हरलॉकमध्ये हे बोटांचं काम मशीन करते. तिच्यात दात्यांचे दोन संच असतात, पुढचा आणि मागचा. पुढचा जास्त वेगानं कापड आत घेतो, मागचा सावकाश सोडतो, त्यामुळे ते ताणलं जात नाही. याला डिफरन्शियल फीड म्हणतात. त्याची कळ १ वर असली की दोन्ही संच सारखे चालतात. ताणणाऱ्या कापडाला ती दीड-दोनकडे न्यायची. तुमच्या छोट्या इंटरलॉकसारख्या मशीनमध्ये ही सोय बहुतेक नसते. हा तुमच्या आणि दुकानातल्या मशीनमधला खरा फरक. बाकी वेग, दिवा, रंग या नंतरच्या गोष्टी.

झालेली लाट कधीकधी वाफेच्या इस्त्रीनं बसते. इस्त्री वरून घासू नका, टेकवा आणि उचला. न बसल्यास उसवा. खांद्याला मात्र लाट येऊच नये म्हणून शिवणीत एक सुती फीत घाला. वेगळी विकत आणायची गरज नाही. अस्तराच्या कापडाची किनार अर्धा सेंटिमीटर रुंद कापून घेतली की झालं. ती खांद्याच्या मापाची कापा, कापडाच्या मापाची नव्हे. टी-शर्ट कितीही वेळा दोरीवर वाळला तरी खांदा लोंबणार नाही. ही एक शिवण आपल्याला ताणायला नकोच आहे, म्हणून इथे सरळ टीपही चालते.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलंच नाही तिच्याकडे वळते. तुमचं कटिंग. ब्लाउज शिवणाऱ्या हाताला सवय असते मापात लूजिंग वाढवायची आणि आत भरपूर माया (शिवणीबाहेरचं जादा कापड) सोडायची, पुढे कधी ब्लाउज सोडवता यावा म्हणून. होजिअरीत दोन्ही उलट. सैल टी-शर्टला लूजिंग नाममात्र लागतं आणि लेगिन्स तर अंगाच्या मापापेक्षा कमी कापायची असते. किती कमी, हे कापड सांगतं. कापड आडवं धरा, खडूनं १० सेंटिमीटरवर दोन खुणा करा आणि पट्टीवर ताणा. १३ पर्यंत सहज गेलं तर टी-शर्टला ठीक, लेगिन्सला नाही. १५-१६ पर्यंत जाऊन सोडल्यावर पुन्हा १० वर आलं तर लेगिन्सला घ्या. परत येणं महत्त्वाचं आहे. नुसतं लांबणारं आणि १२ वर लोळत राहणारं कापड दुपारपर्यंत गुडघ्यावर पिशव्या करतं. कापडाचा जास्त ताण अंगाभोवती आडवा यायला हवा, उभा नव्हे. मायाही एक सेंटिमीटरच्या आत ठेवा. ब्लाउजसारखी दीड इंच सोडलीत तर ती आत गुंडाळून दोरखंड होईल. गळ्याची पट्टी गळ्याच्या घेराएवढी कापायची नाही. घेराच्या साधारण ८०-८५ टक्के घ्यायची आणि जोडताना फक्त पट्टी ताणायची, गळा नाही. तुमचा गळा फुलला तो नव्वद टक्के यामुळे, असं माझं मत.

कापायच्या आधी सुती होजिअरी धुऊन वाळवाच, लांबीला चांगलीच आटते. शिवाय गुंडाळीतून काढलेलं कापड लगेच कापू नये. रात्रभर टेबलावर मोकळं पसरून ठेवावं, गुंडाळताना आलेला ताण उतरतो. सुलटी-उलटी कळत नसेल तर आडव्या कापलेल्या कडेला ओढा. साधी सिंगल जर्सी (टी-शर्टचं नेहमीचं एकपदरी कापड) असेल तर कड सुलट्या बाजूला वळते.

हे कापड बहुतेक तमिळनाडूतल्या तिरुपूरहून येतं, थंडीचं लोकरी लुधियानाहून, आणि ठोक बाजारात ते मीटरवर नाही, किलोवर मिळतं. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. १८० जीएसएमचं ७२ इंच पन्ह्याचं कापड एका किलोत तीन मीटरच्या थोडं वर भरतं. नाशिकच्या दुकानांत मीटरवर सुटं मिळतंच. मोठी ऑर्डर असली तरच सकाळी पंचवटी एक्स्प्रेस धरून मुंबईला जाण्यात अर्थ आहे. दोन मीटरसाठी नाही.

मग मशीन घ्यायची की नाही? घ्या, पण हे सगळं करून पाहिल्यावर, आणि कशासाठी हे ठरल्यावर. मशीनपेक्षा मला तुमच्या वेळेचा अंदाज घ्यावासा वाटतो. ब्लाउजच्या कामातून होजिअरीला आठवड्यात किती तास उरतात?

घरच्यांपुरतं, महिन्याकाठी दोन-चार नग एवढंच असेल तर घरगुती झिगझॅग मशीन पुरते. ऊषा जेनोम, सिंगर, ब्रदर अशा कंपन्यांच्या मशीन साधारण १० ते २० हजारांत येतात. त्यात ७० नक्षी आहेत की ३०, हे बघूच नका. घरी आणल्यावर त्यातले चार टाके वापरले जातात. बघायचं ते असं : टाक्याची रुंदी आपल्याला हवी तशी कमी-जास्त करता येते का? (शिवणीला अर्धा ते एक मिलिमीटर रुंदी आणि अडीच लांबी, ही माझी आवडती मांडणी.) फूटचा दाब बदलता येतो का? तीन टप्प्यांचा झिगझॅग आहे का, जोडसुई बसते का? जोडसुईनं वरून दोन समांतर टिपा आणि खालून झिगझॅग पडतो, त्यामुळे टी-शर्टची दुमड ताणते आणि दिसतेही दुकानातल्यासारखी. काळ्या मशीनमध्ये मात्र ती लावू नका. सुईखालच्या पत्र्याचं भोक एका सुईपुरतंच असतं, सुई मोडून डोळ्यात उडेल. आणि ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या छोट्या मशीनबद्दल विचारणाऱ्या इतर वाचकांना एवढंच सांगते, ते पैसे सुया, दोरा आणि चांगल्या कात्रीत घाला.

रोज तीन-चार तास होजिअरीचंच काम करणार असाल तर चार दोऱ्यांची ओव्हरलॉक घ्या. बाजारात इंटरलॉक आणि ओव्हरलॉक ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, म्हणून नाव न विचारता थेट विचारा, ‘दोरे किती? डिफरन्शियल फीड आहे का?’ घरगुती ओव्हरलॉक टेबलावर मावते, आवाज कमी. कारखान्यातली इंडस्ट्रियल त्याहून तिप्पट-चौपट वेगानं धावते, वर्षानुवर्षं टिकते, पण तिला स्वतःचं टेबल लागतं, जागा लागते आणि तुम्ही फ्लॅटमध्ये राहता. घ्यायचीच झाली तर सर्व्हो मोटरची घ्या. जुन्या क्लच मोटरचं घुंघुं पायडल न दाबताही चालू राहतं. खालच्या मजल्यावरचे लोक दुपारी वर येतील.

ओव्हरलॉक आली म्हणून टी-शर्ट पूर्ण होतो असं नाही. तिच्यावर नेफा, चेन, वरची टीप यातलं काही होत नाही. जोडते आणि कापते, बस. त्या बाकीच्या कामांना तुमची काळी मशीनच लागेल. दुकानदारानं नेमकी तीच मागितलीय.

फ्लॅटलॉक यादीतून आत्ता खोडा. ती मुख्यतः दुमडीसाठी आणि पट्टी लावण्यासाठी असते, दोन मशीनमध्ये बहुधा तीच महाग, आणि तिचं रोज काम नसेल तर ती कपडे ठेवायची जागा होते. दुमडी बाहेरून मारून घ्या. शहरात शाळांचे ट्रॅकसूट, खेळाचे टी-शर्ट शिवणारे आहेत; त्यातले काही नगावर दुमड मारून देतात. बंडल बांधून न्यायचं आणि संध्याकाळी आणायचं. त्यांच्याशी ओळख झाली तर मोठ्या ऑर्डरलाही ती कामी येते.

दुकानात जाताना तुमचंच कापड न्या. दाखवायला तिथे नेहमी कडक सुती कापडाची घडी असते. तिच्यावर कोणतीही मशीन देखणी चालते. तुम्ही लायक्राची चिंधी, रिबची पट्टी आणि बारीक जर्सी न्या. दोरे ओवलेले असतील तर काढायला लावा आणि स्वतः ओवून बघा, विशेषतः खालच्या लूपरचा (खालून दोरा अडकवणाऱ्या आकड्याचा) दोरा. घरी तो तुटेल तेव्हा दुकानदार नसणार. मशीन बिघडली तर मेकॅनिक इंदिरानगरला घरी येतो का, की मशीन उचलून मेन रोडला न्यावी लागेल, हे बिल फाडायच्या आधी विचारा.

मुलाच्या ३०० रुपयांच्या टी-शर्टचं काय? त्याचं बरोबर आहे, आणि त्यावर रागावू नका. कारखान्यात एक बाई दिवसभर फक्त खांदे जोडते, दुसरी फक्त बाह्या. त्या वेगाशी आणि त्या भावाशी घरातून स्पर्धा करायची नसते. पण तुमच्याकडे जे आहे ते त्या कारखान्याकडे नाही. तुम्हाला माणूस बघून माप घेता येतं. ज्यांचा हात खांद्याच्या वर जात नाही अशा आज्जींना पुढून पूर्ण उघडणारा, मऊ होजिअरीचा गाऊन तयार मिळतो का, बघा शोधून. साडीवर घालायला अंगासरशी बसणारा ताणाच्या कापडाचा ब्लाउज, ज्यात हूक नाहीत, मुंढा काचत नाही, पण खांदा मात्र मापाचा आहे, हा दुकानात मिळतो तो तीन साइझमध्ये. तुमच्या २० वर्षांच्या गिऱ्हाइकांपैकी पाच जणी तरी त्या तीनपैकी एकीतही बसत नसतील. मला विचाराल तर तुमची होजिअरी तिथून सुरू व्हावी, टी-शर्टपासून नाही.

म्हणूनच डिसेंबरच्या ऑर्डरबद्दल मी साशंक आहे. ३० मुलं, प्रत्येकी दोन कपडे, म्हणजे ६० नग. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या टी-शर्टला सव्वाशे-दीडशे ग्रॅम कापड धरलं तरी पावणेचार ते साडेचार किलो फक्त टी-शर्टचं. कापड, दोरा, दुमडीचे पैसे, फसलेले एक-दोन नग वजा केले की मजुरी किती उरते ते कागदावर मांडा, आणि समोर हप्त्याचा आकडा लिहा. ऑर्डर डिसेंबरला संपेल. हप्ते उन्हाळ्यातही येतील. पुढची ऑर्डर कोण देणार हे आज तुम्हाला सांगता येत नसेल, तर या एका ऑर्डरवर मशीन उचलू नये असं माझं मत आहे. ऑर्डर घ्यायची नाही असं मात्र मी म्हणत नाही.

राहता राहिली सासूबाईंची मशीन. एक्स्चेंजमध्ये जुन्या काळ्या मशीनला जे मिळतं ते फार नसतं, तुम्ही आकडा विचारून बघाच. ती गेली तर नव्या मशीनबरोबर सरळ टिपेचं काम कशावर करणार, हा एक भाग. दुसरा, तुम्ही नवऱ्याला विचारलंत, मुलाला विचारलंत, दुकानदाराला, मलाही विचारलंत. ज्यांची मशीन आहे त्यांना विचारलेलं पत्रात दिसलं नाही. त्या कव्हर बघून जातात, हे मात्र तुम्ही आवर्जून लिहिलंत. कदाचित त्यांना मशीन राहावी असं वाटत असेल, कदाचित त्या म्हणतील, ‘दे गं, मला काय करायचीय.’ दोन्हींतलं काय, हे त्यांच्याच तोंडून ऐका. आणि विचारताना सोबत ती सुईची पुडी आणि चिंध्या घेऊन बसा. ज्यांनी ती मशीन आयुष्यभर चालवली त्यांना फूटचा दाब किती ठेवायचा हे माझ्यापेक्षा जास्त कळत असेल.

नृत्यशिक्षिकेला उत्तर या आठवड्यातच द्या, त्या तुमच्या भरवशावर थांबल्या असतील. सांगा की लेगिन्स त्यांनी तयार घ्याव्यात, एकरंगी सगळ्या मापांत मिळतात. टी-शर्ट तुम्ही शिवाल, पण आधी चार मुलांचे, वेगवेगळ्या उंचीच्या. त्या चारांचे पैसे वेगळे घ्या, घालून-धुऊन आठ दिवस बघू द्या. ते चार तुमच्या छोट्या इंटरलॉकवर शिवा. बाकीच्या २६ चं कटिंग आणि गळे तुमच्याकडे, जोडणी आणि दुमड बाहेर, असा भाव आधी बाहेरच्या कारागिराशी ठरवून मगच त्यांना आकडा सांगा, आणि कापडाचे पैसे आगाऊ मागा.